पाणी कुठपर्यंत आलंय?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पावसाळा सुरू झाला की तुमच्या पेपरात एक छोटी चौकट येते, गंगापूर धरणात किती टक्के साठा, किती क्युसेक विसर्ग सोडला, होळकर पुलाखालून किती पाणी जातंय. आम्ही जुन्या नाशकातले दुकानदार आधी ती चौकट वाचतो आणि मग बाकीचा पेपर. हे पत्र त्या चौकटीबद्दलच आहे, म्हणजे मागणी तिच्याबद्दल आहे, पण बोलायचंय मनाबद्दल. थोडं लांबणार आहे, जमलं तर न कापता छापा.

भांडी बाजारात आमचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. स्टील, तांबं-पितळ, कुकर, मिक्सर, लग्नाचे सेट. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे गंगेला (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) पूर आला की क्युसेकचे आकडे येतात ते ठीक आहे पण खरं माप म्हणजे रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती, नदीच्या पात्रातली उंच मूर्ती. त्याच्या पायाला पाणी लागलं की घाटावरच्या टपऱ्या उचलायला सुरुवात होते, गुडघ्याला आलं की आम्ही एकमेकांना फोन करतो, कमरेला आलं की खालच्या रॅकवरचा माल पोटमाळ्यावर चढायला लागतो, छातीला आलं की हमाल मिळेल त्या भावात बोलवायचा, आणि गळ्याशी आलं की शटर ओढून निघायचं, कारण मारुती बुडाला म्हणजे पाणी सराफ बाजारात आणि आमच्याकडे येणार हे ठरलेलं. जुनी माणसं तर त्याच्याही पुढे नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचं माप सांगतात. म्हणजे या शहराला नदी वाचता येते, पिढ्यान् पिढ्या येते. माणूस वाचता येत नाही, एवढंच मला म्हणायचंय, आणि हे मी स्वतःवर बेतलं म्हणून म्हणतोय.

२ ऑगस्ट २०१६. ज्यांनी तो दिवस भांडी बाजारात काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. त्या वेळी आम्ही गाफील राहिलो, २००८ च्या पुरानंतर एवढं पाणी आलं नव्हतं, आणि सकाळी जे कमरेला होतं ते बघता बघता वर चढलं. दुकानात तिसऱ्या फळीपर्यंत पाणी. स्टीलला काही होत नाही, धुवून पुसून ठेवता येतं, पण मिक्सरचे मोटर गेले, कुकरची खोकी लगदा झाली, आणि खोक्याशिवाय नवा माल नवा म्हणून कोण घेणार? लग्नसराईसाठी भरलेला माल होता, बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) लोनवर घेतलेला. चार दिवस नुसता गाळ काढला. तो गाळ वाळला की दगडासारखा होतो, हे ज्याने काढलाय त्यालाच कळतं.

आणि त्या चार दिवसांत मी एकदम फिट होतो बरं का. सगळे म्हणायचे काय खंबीर माणूस आहे. पंचनाम्याच्या रांगेत मी पुढे, शेजारच्यांना चहा सांगायला मी पुढे, घरी बायकोला म्हटलं काळजी करू नको, दिवाळीत भरून काढू. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, दिवाळी बरी गेली. मग ८ नोव्हेंबरला नोटबंदी आली. आमचं गिऱ्हाईक म्हणजे निफाड, दिंडोरी, सिन्नरचा शेतकरी, मुलीच्या लग्नाची भांडी रोखीत घेणारा. लासलगावला कांदा पडला की इथे आमची भांडी पडून राहतात, इतका सरळ संबंध आहे. ती लग्नसराई जवळपास कोरडी गेली.

तेव्हा मी तुटलो. पुरात नाही, चार महिन्यांनी. आणि कोणाच्या लक्षात आलं नाही कारण पाणी आत चढत होतं आणि बाहेरून शटर चकाचक होतं.

रोज पहाटे तीनला जाग यायची आणि मग डोक्यात हप्ते, उधारी, हप्ते, उधारी. छातीत आवळल्यासारखं व्हायचं म्हणून ईसीजी काढला, नॉर्मल. मुलगा तेव्हा दहावीला होता, त्याच्या एका टेस्टच्या मार्कांवरून मी त्याला नको ते बोललो, अजून आठवलं की पोटात तुटतं. दुकानात गिऱ्हाईक आलं की घाम यायचा. बोलणं बंद झालं. आणि एक दिवस असाही विचार आला की आपण नसलो तर घरच्यांचं बरं होईल, हे मी आज लिहितोय कारण तेव्हा मला वाटायचं की असा विचार आलेला मी एकटाच आहे आणि तो कोणाला सांगणं म्हणजे घराण्याची लाज. तसं नसतं. असा विचार पुष्कळांना येतो आणि सांगितला की त्याची ताकद कमी होते, हे नंतर कळलं.

घरचे, पाहुणे, मित्र वाईट नव्हते. पण सगळे काय म्हणायचे? मन घट्ट कर. खंबीर रहा. पॉझिटिव्ह विचार कर. पुरुषासारखा पुरुष तू. त्याचं बघ, त्याचं तर सगळं दुकान गेलं. हे शेवटचं वाक्य सगळ्यात वाईट, कृपा करून कोणाला म्हणू नका, कारण दुसऱ्याचं जास्त बुडालं म्हणून माझ्याकडचं पाणी ओसरत नाही, उलट वर लाज चढते की एवढ्याशा गोष्टीने आपण खचलो.

ज्याने मला बाहेर काढलं तो समोरच्या गाळ्यातला दुकानदार, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, आम्ही त्यांना काका म्हणतो. एका दुपारी चहा घेऊन आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "काय रे, पाणी कुठपर्यंत आलंय?" मला वाटलं धरणाचं विचारताय, डिसेंबरात कसलं पाणी. तर म्हणाले, "तुझं विचारतोय." आणि मी दुकानात बसून रडलो, गिऱ्हाईक होतं तरी. मी म्हटलं, काका गळ्याशी आलंय. ते म्हणाले, मग शटर ओढ, चल. दुसऱ्या दिवशी ते स्वतः मला सरकारी दवाखान्यात मनोविकार विभागात घेऊन गेले, केसपेपर त्यांनीच काढला. तिथे गोळ्या मिळाल्या, आठ महिने घेतल्या, त्यात मला काहीही लपवावंसं वाटत नाही, बीपीची गोळी घेतो तशीच ती. आणि गोळ्यांबरोबर एका समुपदेशक मॅडमशी बोलणं सुरू झालं.

मॅडमनी पहिल्यांदा हे सांगितलं की पहाटे तीनची जाग म्हणजे तुमचा भित्रेपणा नाही, पहाटेकडे शरीरात कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं हार्मोन तसंही वाढायला लागतं, ताणातल्या माणसाला ते लवकर उठवतं, त्या वेळी केलेल्या हिशोबावर विश्वास ठेवायचा नाही, उजाडल्यावर परत करायचा. एवढ्याने अर्धी भीती गेली माझी. दुसरं, श्वास. आत घेतला त्यापेक्षा सोडताना जास्त वेळ, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, ही शरीराचीच व्यवस्था आहे, त्यात बाबा-बुवा काही नाही. गल्ल्यावर बसून करता येतं, कोणाला कळतही नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात उपयोगी पडली ती म्हणजे विवेकनिष्ठ उपचार. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात ही पद्धत काढली आणि आपल्याकडे ती कि. मो. फडके सरांनी रुजवली. त्यातलं सूत्र साधं आहे. घडलं काय, त्यावर मी स्वतःला म्हणालो काय, आणि मग मला झालं काय. आपण समजतो पहिल्यामुळे तिसरं होतं, पण मधलं जे आपण मनात म्हणतो त्याने आग लागते. पूर आला हे घडलं. "असं व्हायलाच नको होतं, हे मला सहनच होणार नाही, मी नालायक, बापाचं दुकान बुडवलं", हे मी म्हणालो. मॅडम म्हणाल्या, पूर वाईटच आहे, नुकसान झालंय, दुःख होणारच आणि व्हायलाच हवं, मी तुम्हाला आनंदी व्हा म्हणत नाहीये. पण "सहनच होणार नाही" हे खरं आहे का? चार महिने सहन करताय ना? आणि माल बुडाला म्हणून माणूस नालायक कसा? हा फरक पॉझिटिव्ह थिंकिंगपेक्षा वेगळा आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. दुःख काढून टाकायचं नाही, त्याच्यावर चढवलेला खोटा मजला काढायचा.

मी दुकानदार माणूस, डायरी लिहा म्हटलं की जमणार नव्हतं. पण रोजमेळ रोज रात्री लिहितो, ते वडिलांनी हाताला लावलेलं वळण आहे, जमा आणि नावे लिहिल्याशिवाय झोपायचं नाही. मग त्याच वहीच्या मागच्या पानांवर मनाचा रोजमेळ सुरू केला. आज काय घडलं, मी मनात काय म्हणालो, मग काय झालं, तीन ओळी. सुरुवातीला लिहून झालं की जास्त वाईट वाटायचं आणि मी सोडणार होतो. माझी पुतणी तेव्हा मानसशास्त्रात एम.ए. करत होती, तिने सांगितलं काका असंच होतं, १९८६ मध्ये पेनेबेकर नावाच्या संशोधकाने कॉलेजच्या मुलांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातलं सगळ्यात जड लिहायला लावलं होतं, लिहिल्या लिहिल्या त्यांनाही वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत ती मुलं दवाखान्यात कमी गेली. म्हणून मी चालू ठेवलं. अजून चालू आहे. सात-आठ वह्या झाल्यात.

त्याच पुतणीने मला कौआई बेटाचं सांगितलं आणि ते मी जो भेटेल त्याला सांगत सुटलोय. हवाईमधलं बेट आहे. तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघींनी पुढे कित्येक दशकं लक्ष ठेवलं. त्यातल्या साधारण एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला फार वाईट परिस्थिती होती, गरिबी, घरात दारू, भांडणं, आई-बापांचे आजार. त्यांच्यातली पण तिसरा हिस्सा मुलं चांगली, जबाबदार, मायाळू माणसं झाली. का झाली? त्यातलं एक मोठं कारण असं निघालं की त्यांच्या आयुष्यात निदान एक मोठं माणूस होतं ज्याचा त्यांना भरवसा होता. आईच पाहिजे असं नाही, आजी, मावशी, शिक्षक, शेजारी कोणीही. आणि मला तर पुढचं जास्त आवडलं, की ज्या मुलांचं तरुणपणी बिघडलं होतं त्यांच्यातली पण बरीचशी तिशी-चाळिशीपर्यंत सावरली, कोणाला नोकरीने, कोणाला परत शिक्षण घेऊन, कोणाला चांगला जोडीदार मिळून. म्हणजे उशीर झाला म्हणून गाडी सुटली असं नसतं.

ते ऐकून मी त्या रात्री मुलाच्या खोलीत गेलो आणि दहावीच्या वेळी बोललो होतो त्याची माफी मागितली. तो म्हणाला जाऊ द्या पप्पा. पण दुसऱ्या दिवसापासून तो दुकानात येऊन बसायला लागला, स्वतःहून.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण द्यायचं तर चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा मुलगा, वडील गेले, मग सैन्यात गेला, तिथे नौकानयन शिकला, २०१६ ला रिओ ऑलिंपिकला पोचला, तेही आई आजारी असताना. पण मला त्याचं २०१८ चं एशियाड जास्त आठवतं. एकट्याच्या शर्यतीत अंगात ताप, तब्येतीने साथ सोडली आणि तो शेवटी राहिला. आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नावेत बसून सुवर्णपदक. आपण पोरांना सांगताना "बघ कसा जिद्दी" एवढंच सांगतो. मला वाटतं तिथे नाव चौघांची होती हेही सांगितलं पाहिजे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये परत पूर आला, परत मारुती बुडाला. नुकसान परत झालं, कमी झालं पण झालं. या वेळी आमच्या गल्लीने काय केलं होतं तर आधीच ठरवून ठेवलं होतं, कोणाचा पोटमाळा मोठा, कोणाचा टेम्पो, रात्री फोन कोणी कोणाला करायचा. आणि पाणी ओसरल्यावर इर्जिक घातली, शेतात घालतात तशी, आज याच्या दुकानातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा, उद्या त्याच्या. २०१६ ला प्रत्येक जण आपापल्या शटरमागे एकटा गाळ काढत होता. तोच गाळ, तेवढाच घाम, पण रात्री घरी जाताना अंगात वेगळीच गोष्ट असायची. आणि मी बायकोला पहिल्याच रात्री सगळे आकडे सांगितले, किती गेलं, किती कर्ज. ती म्हणाली, बरं, मागच्या वेळी पण एवढंच सांगितलं असतंत तर. पुढे काही बोलली नाही.

लॉकडाऊनमध्ये तर दुकान बंद, पण रोज संध्याकाळी सहाला काकांचा फोन यायचा, "पाणी?" मी सांगायचो "गुडघा" किंवा "पाऊल". एकदा "कमर" म्हटलं तर अर्धा तास बोलत राहिले. काका आता नाहीत. आता तो फोन मी करतो, गल्लीतल्या सात जणांना, त्यात दोन तर पंचवीस-सव्वीसची पोरं आहेत. आमच्याकडे हा शब्दच झालाय. "कसा आहेस" विचारलं की माणूस "मजेत" म्हणतो, ती सवयच आहे तोंडाला. "पाणी कुठपर्यंत" विचारलं की खरं सांगावं लागतं, आणि एका शब्दात सांगता येतं, रडगाणं गावं लागत नाही, त्यामुळे पुरुष मंडळींना पण जमतं. कमरेला असेल तर कोणीतरी त्या दिवशी चहाला जायचं. छातीला असेल तर एकटं सोडायचं नाही. गळ्याशी असेल तर डॉक्टर, चर्चा नाही.

एक निफाडचा द्राक्ष बागायतदार, जुनं गिऱ्हाईक, गारपिटीत बाग गेली होती त्याची. मी त्याला हे सगळं सांगत होतो तर म्हणाला, शेठ, लोकांना वाटतं द्राक्ष ऑक्टोबरच्या छाटणीने येतं, पण घड धरणार का नाही ते एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत आधीच ठरलेलं असतं, तेव्हा बागेत बघायला काहीच नसतं म्हणून नवखा माणूस तेव्हाच दुर्लक्ष करतो. मला ते फार पटलं. संकटात कोणी नवीन सवय लावून घेऊ शकत नाही. झोप, रोजचं चालणं (मी पहाटे गंगेवर जातो, काही जण गोल्फ क्लबला जातात, कुठेही जा), रोजचा एक फोन, वहीतल्या तीन ओळी, घरात पैशाचं खरं बोलणं, हे सगळं चांगल्या दिवसांत लावून घ्यायचं काम आहे, आणि चांगल्या दिवसांत ते फालतू वाटतं.

अजून एक बोलतो, कारण काही लोक या विषयाचा गैरफायदा घेतात. लोकांनी मनाने लवचिक व्हावं म्हणजे पूररेषेत बांधकामं होऊ द्यायची, नाले बुजवायचे आणि मग नुकसान झालेल्याला म्हणायचं सकारात्मक रहा, असं चालणार नाही. कांद्याला भाव नसताना शेतकऱ्याला ध्यानधारणेचं शिबिर देऊन भागत नाही. माझं मन सावरलं म्हणून माझी नुकसानभरपाईची मागणी कमी झालेली नाही, उलट आता ती मी नीट भांडून मागू शकतो. तसंच २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं, हे लोकांनी आपल्या पॉलिसीत बघून विचारावं.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रस्ते, घाट, पूल सगळ्याची तयारी चाललीय आणि ती व्हायलाच पाहिजे. पण महिनोन् महिने डबल ड्युटी करणारे पोलीस, सफाई कामगार, आरोग्य कर्मचारी, यांना कोणी विचारणार आहे का पाणी कुठपर्यंत आलंय म्हणून? त्यांच्या प्रत्येक तुकडीत एक जण तरी असा नेमावा ज्याचं कामच ते विचारणं असेल. याला फार पैसा लागत नाही.

आणि आता मूळ मागणी. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मी आमच्या बाजारात वीसेक जणांना विचारलं, दोघांना माहीत होता. धरणाचा साठा मात्र वीसच्या वीस जणांना तोंडपाठ, कारण तुम्ही रोज छापता. तर साहेब, पावसाळाभर ती चौकट जिथे येते तिथेच, धरणसाठा, विसर्ग, होळकर पूल, त्याच्या खाली एक ओळ वाढवा, "मनात पाणी चढतंय? १४४१६". आणि पावसाळा संपला, चौकट बंद झाली तरी ती ओळ काढू नका, मी तुटलो तो डिसेंबर होता.

आपला,
भांडी बाजारातला एक दुकानदार, जुनं नाशिक